नाणी राखायची कोणी?

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात मानचिंग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९९९ साली झालेल्या उत्खननात केल्टिक लोकांची ४८३ सुवर्णनाणी सापडली. सुमारे दोन हजार वर्षे मातीने जी ठेव निमूटपणे सांभाळली, ती माणसांना पुरती पंचवीस वर्षेदेखील सांभाळता आली नाही. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, चोरट्यांनी प्रथम जवळच्या दूरसंचार केंद्रातील तारा कापल्या. त्यासरशी हजारो घरांचे दूरध्वनी आणि इंटरनेट बंद पडले. मग ते गावातील संग्रहालयात शिरले आणि अवघ्या नऊ मिनिटांत नाणी घेऊन पसार झाले. संग्रहालयात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा होती. परंतु ती सूचना ज्या तारेवरून पोलिसांपर्यंत जावयाची, ती तारच तुटलेली होती! पुढे आरोपी पकडले गेले, २०२५ साली न्यायालयाने त्यांना शिक्षाही ठोठावल्या. मात्र पोलिसांच्या हाती नाणी लागली नाहीत. लागले ते नाणी आटवून केलेले सोन्याचे काही गोळे.

दूरदेशीच्या या चोरीचे आमच्या वाचकांना काय सोयरसुतक, आणि नाण्यांच्या व्यापाऱ्यांचे रक्षण हा काय पहिल्या पानावर चर्चा करण्याचा विषय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, सरकारी संग्रहालयाची ही गत, तर मुंबईच्या कोटभागात किंवा पुण्याच्या पेठेत एखाद्या जिन्याखालच्या खोलीत जुनी नाणी विकणाऱ्या व्यापाऱ्याची काय कथा? त्याची आयुष्यभराची पुंजी पुष्कळदा एका पेटीत मावते. आणि त्या पेटीत केवळ त्याची पुंजी नसते. आपल्याकडील कित्येक राजवटींचा इतिहास ग्रंथांपेक्षा नाण्यांनीच सांगितला आहे, आणि ती नाणी संग्रहालयात वा अभ्यासकाच्या हाती पोहोचण्यापूर्वी बहुधा अशाच एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीतून गेलेली असतात.

धोका वाढण्याचे कारण उघड आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जागतिक बाजारात सोन्याने औंसाला चार हजार डॉलरांची मजल ओलांडली. नाणे हे चोराला दागिन्याहूनही सोयीचे. ते खिशात मावते, त्यावर मालकाचे नाव नसते, आणि मुशीत घातले की पुरावाच नाहीसा होतो. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन वजनाने तीन ग्रॅमांच्याही आतला. चोराने तो आटवला तर त्याला केवळ तेवढ्या सोन्याची किंमत येईल. पण एका ओंजळभर लाभासाठी त्याने जे नष्ट केले, ते पुन्हा कोणत्याही टांकसाळीत पाडता येणार नाही. घड्याळ चोरीला गेले तर दुसरे घेता येते. आटलेला होन परत येत नाही.

मग व्यापाऱ्याने स्वतःचे रक्षण कसे करावे? अमेरिकेत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झालेला आहे. टेक्सासमधील डग डेव्हिस नावाच्या माजी पोलिसप्रमुखाने नाण्यांच्या चोऱ्यांची माहिती एकत्र करून ती व्यापाऱ्यांना आणि पोलिसांना कळविणारे एक केंद्रच स्थापन केले. तेथील अनुभव असा की, व्यापारी दुकानात जितका असुरक्षित असतो, त्याहून अधिक तो प्रदर्शन आटोपून घरी परतताना असतो. चोर प्रदर्शनात ग्राहकाच्या वेषात हिंडतो, कोणाकडे काय माल आहे ते हेरतो, आणि मग त्याच्या गाडीचा पाठलाग करतो. व्यापारी वाटेत चहाला किंवा जेवायला थांबला, की पाच मिनिटांत गाडीची काच फुटलेली असते.

आपल्याकडेही नाण्यांची प्रदर्शने आणि लिलाव आता मोठ्या शहरांतून वरचेवर भरतात. तेव्हा येथील व्यापाऱ्यांनीही काही साधे नियम स्वतःला घालून घ्यावेत. प्रदर्शनाबाहेर पडताना छातीवरचा नावाचा बिल्ला काढून ठेवावा. माल घेऊन एकट्याने प्रवास करू नये, नेहमीच्याच वाटेने व नेहमीच्याच वेळी जाऊ नये, आणि पेटी क्षणभरही गाडीत टाकून उतरू नये. दुकानात एका वेळी एकच तबक ग्राहकापुढे मांडावे. ते आत गेल्याशिवाय दुसरे बाहेर काढू नये. सकाळी दुकान उघडताना व रात्री बंद करताना दोन माणसे हजर असावीत. रात्री माल काचेच्या कपाटात न ठेवता तिजोरीत ठेवावा. सराफांसाठी जो विमा मिळतो, त्याच्या अटींतही तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाची रात्रीची चोरी बहुधा भरपाईच्या बाहेर ठेवलेली असते. आणि मानचिंगचा धडा असा की, धोक्याची सूचना एकाच तारेवर विसंबून नसावी. तार तुटली तर मोबाइलच्या मार्गाने ती जाईल अशी दुसरी सोय हवीच, आणि ती सोय चालू आहे की नाही हे अधूनमधून तपासलेही पाहिजे. बैल गेल्यावर झोपा करण्यात काय अर्थ?

बाहेरच्या चोराइतकाच आतला माणूसही विचारात घ्यावा लागतो. मार्च २०१७ मध्ये बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून शंभर किलो वजनाचे कॅनडाचे एक प्रचंड सुवर्णनाणे चोरीस गेले. चोर शेजारच्या उंचावरील लोहमार्गावरून आले, शिडी लावून खिडकीतून आत शिरले आणि ते धूड बाहेर काढून हातगाडीवरून घेऊन गेले. पुढे ज्यांना शिक्षा झाली, त्यांत त्याच संग्रहालयात पहारेकरी म्हणून काम केलेला एक तरुण होता. नाणे आजतागायत मिळालेले नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून ठळक उदाहरण कोणते? यावरून प्रत्येक नोकराकडे संशयाने पाहावे, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. नोकर नेमताना चौकशी करावी, तिजोरी कधी उघडते आणि माल कोठे जातो ही माहिती गरजेपुरत्याच माणसांना असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यात प्रामाणिक नोकराचेही हितच आहे. कारण चोरी झाल्यावर पहिला संशय त्याच्यावरच येतो.

परंतु कुलपे, तिजोऱ्या आणि घंटा यांपेक्षाही महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच आपल्या व्यापाऱ्यांना रुचत नाही. ती म्हणजे नोंद. ५ ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात विलिस ड्यू पाँट या धनिक संग्राहकाच्या घरावर पाच सशस्त्र, मुखवटाधारी दरोडेखोरांनी हल्ला केला आणि हजारो नाणी लुटली. त्यांत १८०४ सालचे म्हणून ओळखले जाणारे दोन दुर्मिळ डॉलर होते. ते दोन्ही पुढे हाती लागले. १८६६ सालचा एक अतिदुर्मिळ डॉलर तर तब्बल ३७ वर्षांनी, २००४ मध्ये उजेडात आला. हे का घडले? कारण त्या नाण्यांची छायाचित्रे आणि वर्णने जाणकारांना ठाऊक होती. ती उघडपणे विकणे चोरांना अशक्य होते. ज्या नाण्याला ओळख आहे, ते नाणे परत येण्याची आशा असते. ज्याला ओळख नाही, ते मुशीत जाते किंवा दुसऱ्याच्या पेटीत, आणि मूळ मालक ते आपले म्हणून शपथेवर सांगू शकत नाही.

आपल्याकडे मात्र या व्यवसायाचे ब्रीद 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे होऊन बसले आहे. पुष्कळसे व्यवहार रोखीचे आणि तोंडी. कोणते नाणे कोणाकडून आले, कोणाला गेले, याचा पत्ता नाही. वास्तविक १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि परवानाधारकाने नोंदवह्या व छायाचित्रे ठेवावीत, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. पण हे सरकारी जोखड समजून टाळण्याकडेच कल असतो. करअधिकाऱ्यापासून जी मूठ झाकली, ती चोरी झाल्यावर पोलिसांपुढे कशी उघडणार? जो माल दप्तरी नव्हताच, त्याचा पंचनामा कोणी करावा आणि विमा कोणी द्यावा? लपवाछपवी ही व्यापाऱ्याला ढाल वाटते; प्रत्यक्षात ती चोराची ढाल आहे.

लहान व्यापारी म्हणेल, हे सारे खर्चाचे काम. आमच्या तुटपुंज्या मिळकतीत पोलादी दारे आणि पहारेकरी कोठून आणावे? शिवाय हा छंद विश्वासावर चालतो. ग्राहकाच्या तळहातावर नाणे ठेवल्याशिवाय त्याला त्याची गोडी लागत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नोंद ठेवण्यास खर्च किती? दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन, व्यास, काठावरची एखादी खोच किंवा डाग, आणि खरेदीची तारीख. हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांत कोणतीही दोन तंतोतंत सारखी नसतात. शिवराईसारखे तांब्याचे नाणेही आपल्या ठशाच्या तिरकेपणावरून ओळखता येते. एवढे टिपून त्याची एक प्रत दुकानाबाहेर सुरक्षित ठेवली, तर निम्मे काम झाले. मौल्यवान माल बँकेच्या लॉकरात ठेवतानाही ही यादी हवीच. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी वा दरोड्याच्या प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती मर्यादित आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

ग्राहकही या जबाबदारीतून सुटत नाही. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत दुर्मिळ नाणे देऊ करणाऱ्याला 'हे आले कोठून?' असे न विचारणारा सुशिक्षित संग्राहक चोराचा भागीदारच होय. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी चोरीची वार्ता छायाचित्रांसह त्याच दिवशी एकमेकांना आणि सराफांना कळविण्याची व्यवस्था करावी. आणि पोलिसांनीही 'जुनी नाणी, अंदाजे वजन अमुक' अशी मोघम नोंद करून स्वस्थ न बसता जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी सांगावयास हवी होती. शस्त्र घेतलेला दरोडेखोर समोर उभा राहिला, तर व्यापाऱ्याने नाण्यांसाठी जिवावर उदार होऊ नये, आणि आपल्या नोकरालाही तसे करू देऊ नये. माल द्यावा, चेहरा नि बोलणे लक्षात ठेवावे, आणि तो गेल्यावर पोलिसांना कळवावे. इतिहासाचा कोणताही पुरावा एका माणसाच्या प्राणाहून मोठा नाही. ज्याच्या वहीत नोंद आहे, त्याला हे धैर्याने करता येते. कारण गेलेले परत मागण्याचे साधन त्याच्यापाशी उरलेले असते. आमच्या शहरातील नाण्यांच्या व्यापाऱ्यांनी आज रात्री दुकान बंद करताना एवढेच पाहावे, की उद्या सकाळी कुलूप तुटलेले आढळले, तर काय गेले हे आपण सांगू शकू काय?