बोंडू आमचे, फेणी त्यांची

पोस्ट लांब आहे आणि दारूबद्दल आहे. ज्यांना नको त्यांनी आत्ताच पुढे सरकावं, राग नाही. माझ्याकडे पिण्याचा रीतसर परवाना आहे, तेही आधीच सांगून टाकतो.

गेली वीस वर्षं मी एकच बातमी लिहितोय. गाडीचा नंबर बदलतो, रक्कम बदलते, बाकी तीच. ‘गोवा बनावटीच्या दारूची अवैध वाहतूक, मुद्देमाल जप्त.’ सोबत फोटो. पुढे खोकी, मागे अधिकारी, कडेला मान खाली घातलेला ड्रायव्हर. डिप्लोमाला बातमीचे सहा ककार शिकवले होते. त्यातला ‘का’ या बातमीत मी एकदाही लिहिला नाही.

माझी मावशी डिचोली तालुक्यात दिलेली. काका हंगामात सरकारी परवाना घेऊन काजूची भट्टी लावतात. लहानपणी तिथे जायचो ते निरो प्यायला, म्हणजे बोंडवांचा ताजा, गोड रस. त्यात नशा नसते. चाळिशी ओलांडल्यावर मात्र मी भट्टीजवळ बसून नीट बघायला लागलो. झाडावरून तोडलेले बोंडू घेत नाहीत, आपोआप पडलेलेच वेचतात. बी पिळून काढायची, बोंडू तुडवायचे, रस दोन-तीन दिवस आंबवायचा. पहिल्या धारेला मिळतो तो उर्राक, हलका, मार्च ते मे एवढाच मिळणारा. तो पुन्हा आंबलेल्या रसात घालून गाळला की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली.

तिथेच मला हा नाद लागला. मावशीच्या स्वयंपाकघरात माझी प्रयोगशाळा. शेकर म्हणजे स्टीलचा डबा, माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण, नोंदी बातमीच्या वहीत मागच्या पानापासून. पहिले सगळे प्रयोग फसले. मी फेणीचा वास झाकायला बघत होतो. बाटलीतला आंब्याचा रस घातला, तर चव थेट कफ सिरपची. मग कोकमाचं आगळ घातलं, वर मीठही टाकलं. आगळात मीठ असतंच हे मालवणी माणसाने विसरावं! समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं. एकदा बर्फ घालून हलवलेला डबा इतका घट्ट बसला की मावशीने गरम पाण्याखाली धरून उघडून दिला. देताना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

काकांनी एकच गोष्ट सांगितली, “आदीं वास घे, मागीर तोंडाक लाय.” छोट्या ग्लासात थोडी फेणी, त्यात पाण्याचे चार थेंब, आणि थांबायचं. आधी नाकात जाते ती झणझणी. ती ओसरली की पिकलेल्या बोंडवाचा वास येतो, मागून ओल्या लाकडाचा. एका भट्टीची दुसरीसारखी लागत नाही. हे कळल्यावर वास झाकणं सोडलं. आता चार टोपणं फेणी, दोन लिंबाचा रस, दोन गुळाचा पाक, भरपूर बर्फ. बाकी काही नाही. उर्राकात तर लोक करतात तेच बरं. लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची.

आणि एक गंमत. चव घेऊन प्यायला लागल्यापासून माझं पिणं कमी झालं. वहीत लिहायचं म्हणजे तिसऱ्या ग्लासाला अक्षर नीट यायला हवं ना.

रात्री तिथेच मुक्काम, सकाळी रिकाम्या हाताने परत. येताना दोडामार्गापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच काजू, तेच बोंडू. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची कलमं आपल्याकडे घरोघरी. पण शेजारच्या बागेत काय होतं? “बी काढूची नि बोंडू उडवूचो, आणि काय करतलंव?” एका बीमागे तिच्या कितीतरी पट वजनाचं फळ, ते झाडाखाली कुजतं. बीच्या दरासाठी आपण रस्त्यावर उतरतो, बोंडवाचा दर कुणी विचारतही नाही. पलीकडे याच फळाच्या दारूला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. मधे भिंत नाही. एक नाका आहे आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आहे.

२०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहफुलांच्या दारूला देशीऐवजी ‘विदेशी मद्य’ ठरवायचा निर्णय घेतला. आपल्या परड्यातलं फळ, आणि दारू विदेशी! हसलो, पण हेतू बरा होता. मात्र आमच्या भागात एखाद्या साध्या बागायतदाराला तसा परवाना मिळाला, ही बातमी लिहायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मोठा कारखाना आला तर तो बोंडू किलोवर विकत घेईल, ठीक. मला हवाय तो लहान परवाना. चार-पाच बागायतदारांनी मिळून लावलेली एक भट्टी, हंगामापुरती, मालाची तपासणी करून, बाटलीवर गावाचं नाव असलेली.

विरोध मला माहीत आहे. आडव्या बाटलीच्या मतदानाची बातमी मी केली आहे. रांगेतल्या बायांचे चेहरे पाहिले आहेत. त्यांचं मी खोडून काढणार नाही, त्यांच्या घरात जे घडलं ते मी सोसलेलं नाही. मुंबईत मालवणी भागात २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. चोरून होणाऱ्या धंद्यात काय मिसळलंय हे कुणी तपासत नाही. म्हणूनच तपासणीखालची भट्टी मागतोय. (घरी गाळायचा उद्योग करू नका. गुन्हा आहे आणि डोळे जातील.)

आणि त्या जप्त खोक्यांमध्ये फेणी क्वचितच असते. असते ती कारखान्यातली व्हिस्की, कर कमी म्हणून तिकडे स्वस्त. ‘का’चं उत्तर एवढंच होतं, मीच लिहिलं नाही.

काजूवाल्यांनो, तुमच्या बागेत हंगामाला किती बोंडू कुजतात, अंदाजे किलोत, आणि गाव, एवढं मला कळवा. सगळं एकत्र करून पालकमंत्र्यांच्या पुढच्या पत्रकार परिषदेत विचारणार आहे.