शेतीशाळेंत बसावें कोणीं?

शेतकऱ्यास ज्ञान द्यावयाचें म्हणजे त्यास मंडपांत बसवून व्याख्यान ऐकवावयाचें, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ होती, व ती अद्यापि सर्वस्वीं गेलेली नाहीं. अशीं व्याख्यानें आम्हींही पुष्कळ ऐकलीं. वक्ता विद्वान, श्रोते सज्जन, आणि दुसरे दिवशीं शेतांत सारें जैसे थे. सबब कृषि खात्यानें आपल्या राज्यांत शेतीशाळा हा जो निराळा प्रकार चालविला आहे, त्याचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु त्यांत एक मोठें वैगुण्य राहून गेलें आहे, आणि तें खात्याचें नसून आम्हां जमीनधारकांचें आहे, असें आमचें मत झालें आहे.

हा प्रकार निघाला कसा, हें प्रथम पाहूं. इंडोनेशियांत भातावर तपकिरी तुडतुड्यानें मोठा कहर केला होता. सरकार औषधें स्वस्तांत पुरवीत होतें, लोक फवारीत होते, आणि तुडतुडे वाढतच होते. कारण त्यांना खाणारे कोळी व इतर कीटक औषधानें आधीं मरत. १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावर ५७ औषधें वापरण्यास बंदी केली, आणि १९८९ पासून शेताच्या बांधावर शाळा भरूं लागल्या. सुमारें २५ शेतकरी, आठवड्यांतून एक सकाळ, हंगाम संपेपर्यंत. मंडळींनीं चिखलांत उतरावें, रोपें न्याहाळावीं, वर येऊन मोठ्या कागदावर रोपाचें चित्र काढावें, एका बाजूस शत्रु कीटक व दुसऱ्या बाजूस मित्र कीटक मांडावे, आणि फवारावें कीं न फवारावें याचा निर्णय आपसांत करावा. एखाद्यानें 'हा किडा कोणता?' असें विचारलें तर शिक्षकानें लगेच नांव सांगावयाचें नाहीं, 'कोठें सांपडला? काय करीत होता?' असें उलट विचारावयाचें. कोळी तुडतुडा खातो कीं नाहीं, हें दोघांना एका जाळींत कोंडून डोळ्यांनीं पाहावयाचें. असें पाहिलेलें माणूस विसरत नाहीं. आणि ज्यांनीं एकत्र पाहिलें त्यांना एकमेकांचें म्हणणें पटावयास फारसा वेळ लागत नाहीं.

आतां आपल्या कपाशीकडे वळूं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांत जो नाश केला तो कोणी विसरलेलें नाहीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कांहीं शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. ही अळी बोंडाच्या आंत राहते. बाहेरून बोंड हिरवेंगार. म्हणून कामगंध सापळ्यांत ओळीनें ३ रात्रीं प्रत्येकीं ८ पतंग सांपडले, किंवा शेतांत फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकीं २ किडकीं निघालीं, तर उपाय करावा, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं घालून दिला आहे. हिशेब सोपा आहे. पण तो करावयाचा कोणीं? सापळ्याजवळून रोज जातो तो सालगडी. फुलाची डोमकळी झालेली प्रथम दृष्टीस पडते ती निंदणाऱ्या बाईच्या. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांत उभा राहतो तो मजूर. आणि शेतीशाळेच्या हजेरीपटावर सही असते ती आमची!

गेल्या खरिपांत एका गांवीं आम्हीं हें प्रत्यक्ष पाहिलें. निंबाच्या सावलींत आम्ही मालक मंडळी बसलों होतों, शिकविणाऱ्या ताई मोठ्या कळकळीनें सांगत होत्या, आणि पलीकडे बाया निंदत होत्या. त्यांपैकीं एक म्हातारी पाणी प्यावयास आली. कागदावरचें डोमकळीचें चित्र पाहून ती सहज म्हणाली कीं, अशीं फुलें खालच्या धुऱ्याकडे आठ दिवसांपासून दिसतात. मालक चकित झाले. 'मग सांगितलें कां नाहीं, माय?' असें त्यांनीं विचारतांच ती उत्तरली, "आमाले कोन पुसते जी?" सारे उठून धुऱ्याकडे गेलों. तिनेंच एक कळी उकलून आंतली अळी दाखविली. त्या दिवसाचें खरें शिक्षण तेथें झालें.

आमचा जन्म महसुली कारकुनींत गेला. पीकपाहणीचे तक्ते आम्हीं कचेरींत बसून वर्षानुवर्षें जुळविले. त्यांतले किती शेतांत जाऊन भरलेले व किती चावडीवर एका बैठकींत उरकलेले, हें आम्हांस शाईवरूनच ओळखूं येई. आणि आम्हीं कधीं तोंड उघडलें नाहीं. शेतीशाळेचाही असाच एक तक्ता होऊन बसेल, ही भीति आम्हांस वाटते ती या अनुभवामुळें.

कोणी म्हणतील, मजुरास अर्धा दिवस बसविलें तर त्याचा रोज कोण देणार? मालकानें द्यावा. चार माणसांचा अर्ध्या दिवसाचा रोज एकीकडे, व एका अनावश्यक फवारणीचें औषध आणि मजुरी दुसरीकडे, ही वजाबाकी प्रत्येकानें आपल्या वहींत करून पाहावी. दुसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाहीं, पण मनांत असतो: मजूर शहाणा झाला म्हणजे ऐकणार नाहीं. खरें आहे, तो उलट बोलेल. 'मालक, विसांत एकच किडकें निघालें, आज पंप नको,' असें म्हणेल. असा मनुष्य पदरीं असणें आम्ही भाग्य समजतों.

तिसरी अडचण मात्र खरी आहे. सालगडी गुढीपाडव्यास बदलतो, निंदणाऱ्या बाया आज येथें तर उद्यां दुसरीकडे. मग शिकून तयार झालेली जूट टिकावी कशी? यावर एकट्या मालकाजवळ उपाय नाहीं. परंतु एका शिवारांतील दहापंधरा मालकांनीं मिळून आपलीं माणसें शाळेस बसविलीं, तर मनुष्य कोणाच्याही शेतांत गेला तरी विद्या शिवारांतच राहते.

आमची सूचना एवढीच कीं, येत्या खरिपांत ज्या सभासदाच्या शेतावर शाळा भरेल त्यानें आपल्याबरोबर निदान एक सालगडी, एक फवारणारा व दोन निंदणाऱ्या बाया आणाव्या, त्यांचा रोज बुडूं देऊं नये, आणि बोंडें त्यांच्याच हातून चिरवावीं. शाळेचा वार ठरवितांना बाजाराचा दिवस टाळावा. त्या दिवशीं एकही बाई येणार नाहीं.