ऐन दिवाळीत दिवाळ्याची गोष्ट

वाचकहो, परदेशी जाऊन आलेला मनुष्य चार गोष्टी ऐकवल्याखेरीज सोडत नाही. आम्ही उभयतांनी ॲमस्टरडॅममध्ये एकच दिवस काढला. तेव्हा तुमची सुटका लवकर होईल!

हे शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहे. एका डॅम चौकातल्या राजवाड्याखालीच असे १३,६५९ खांब आहेत म्हणतात. कालव्याकाठची घरे अंगाने अरुंद, उंचीने ताडमाड. जिने इतके चिंचोळे की कपाटे-पलंग खिडकीतूनच वर घ्यायचे. त्यासाठी घराच्या कपाळावर लोखंडी आकडा. "आपल्या चाळीला असा एक हवा होता," ही म्हणाली.

सकाळी राइक्स म्युझियममध्ये रेम्ब्रांटचे 'नाइट वॉच' पाहिले. १६४२ सालचे हे चित्र साडेतीन मीटरांहून उंच व चार मीटरांहून रुंद आहे. त्यातल्या मंडळींनी आपली छबी यावी म्हणून प्रत्येकी सुमारे शंभर गिल्डर मोजले होते. पुढे १७१५ साली नगरभवनातल्या भिंतीवर मावेना, म्हणून चित्राच्या चारी कडा चक्क कापल्या! सौभाग्यवती मात्र रमली ती व्हर्मीरच्या हातभर चित्रापुढे. एक बाई दूध ओतते आहे, एवढेच. "धार बघा, थेंब सांडत नाही," हा तिचा अभिप्राय.

दुपारी गाडीवर मी कांदा घातलेला खारवलेला हेरिंग मासा खाल्ला. हिने माशाकडे पाठ करून कागदी पुडक्यातले तळलेले बटाटे पसंत केले.

मग रेम्ब्रांटचे घर. मोठ्या उमेदीत त्याने ते १६३९ साली तेरा हजार गिल्डरांना घेतले, तेही हप्त्यांवर. मिळकत उत्तम, पण लिलावात चित्रे, शंख-शिंपले, जुनी शस्त्रे दिसली की हात आवरत नसे. हप्ते थकले. 'नाइट वॉच' पुरे झाले त्याच वर्षी बायको सास्किया गेली. अखेर १६५६ साली दिवाळे निघाले. कारकून आले आणि खोलीखोलीतून फिरून त्यांनी ३६३ नोंदींची यादी केली. चित्रांबरोबर घरातले किडूकमिडूकही कागदावर चढले. घर विकून तो भाड्याच्या जागेत गेला.

आम्ही हप्ते भरणारी माणसे; त्या स्वयंपाकघरात दोघेही गप्प झालो. पण गंमत पाहा: आज ते घर पूर्वीसारखे मांडलेले दिसते, ते त्या जप्तीच्या यादीच्याच आधाराने. आणि त्याच ओढगस्तीच्या सुमारास हा गृहस्थ बारीक आशियाई कागदावर आपल्या मोगल चित्रांच्या नकला करीत बसला होता! त्यांतल्या वीसएक आजही शिल्लक आहेत. जहांगीर, शहाजहान त्यांत ओळखू येतात.

रात्री 'राइस्टटाफेल' जेवलो. इंडोनेशियावर डचांचे राज्य होते, त्या काळातली ही पंगत. मधोमध भात, भोवती पंधरा-वीस वाट्या. शेंगदाणे, नारळ, मिरची यांचा वास येताच हिचा चेहरा खुलला.

जेवता जेवता ती म्हणाली, "त्याने शंख घेतले नसते तर घर राहिले असते."

"आणि चित्रे?" मी विचारले.

तिने थोडा विचार केला. "ती राहिली, ते बरे झाले. पण सास्किया असती, तर दोन्ही राहिली असती."

यावर मी भात वाढून घेतला.