वेढ्याने साथ थांबत नाही

लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियामध्ये मेसुराडो नदी आणि अटलांटिक महासागर यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वेस्ट पॉइंट ही मच्छीमारांची वस्ती आहे. क्रू जमातीचे कोळी, घानातून आलेले फांटी मच्छीमार, बस्सा आणि इतर जमातींची कुटुंबे तिथे पत्र्याच्या घरांत दाटीवाटीने राहतात. पुरुष होड्या घेऊन समुद्रात जातात, बायका मासे धुरावर सुकवून शहरात विकतात. जमिनीची कागदपत्रे बहुतेकांकडे नाहीत. घरात शौचालय नाही, पाणी विकत घ्यावे लागते.

ऑगस्ट २०१४मध्ये इबोला या वस्तीत पोहोचला. सरकारने तिथल्या एका शाळेत संशयित रुग्णांसाठी केंद्र उघडले. वस्तीला विश्वासात न घेता बाहेरचे रुग्णही तिथे आणले जात असल्याने लोक संतापले. १६ ऑगस्टला जमावाने केंद्र लुटले. रुग्ण पळाले, गाद्यादेखील उचलून नेल्या गेल्या. २० ऑगस्टला लष्कर आणि पोलिसांनी अख्ख्या वस्तीला वेढा घातला. निदर्शनांवर गोळीबार झाला, त्यात १५ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. अन्नधान्य महागले. २१ दिवसांसाठी घातलेला वेढा दहा दिवसांत उठवावा लागला.

इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाच्या किंवा मृताच्या शरीरातील द्रवांशी थेट संपर्क आल्यास त्याची लागण होते. लक्षणे दिसायला २ ते २१ दिवस लागतात. म्हणजे रुग्ण लवकर ओळखणे, त्याच्या संपर्कातील माणसांवर लक्ष ठेवणे आणि सुरक्षित दफन, हे खरे उपाय. तिन्हींसाठी घरच्यांनी खरे सांगावे लागते. बंदुकीच्या धाकाने आजारी माणूस लपवला जातो. शिवाय वेढ्यात निरोगी आणि बाधित एकाच दाटीत अडकतात. वेढा उठल्यावर वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन आजारी माणसे शोधली. ओळखीच्या माणसाला दार उघडले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ९ मे २०१५ रोजी लायबेरिया इबोलामुक्त झाल्याचे जाहीर केले.

मार्च २०२०च्या अखेरीस मुंबईत वरळी कोळीवाडाही सील झाला होता. आजार वेगळा, पण प्रश्न तोच: रोजच्या मासळीवर पोट असलेल्या वस्तीला घरात थांबा म्हणायचे, तर पाणी, शिधा आणि शौचालय आधी पोहोचले पाहिजे. हा खर्च मदत म्हणून नव्हे, साथनियंत्रणाचा भाग म्हणूनच धरायला हवा.