'मला'चं 'आय' होताना

'मला भूक लागली.' बुलढाण्याच्या घाटावरचं दुसरबीड असो की दुसरं कुठलं गाव, हे वाक्य दिवसातून शंभर वेळा कानावर येतं. वऱ्हाडी तोंडी ते 'मले भूक लागली' होतं, हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरात 'मेरेको भूक लगी'. तिन्हीकडे माणूस गप्प उभा असतो आणि भूक येऊन त्याला लागते. इंग्रजीच्या तासाला मात्र फळ्यावर उमटतं 'आय अॅम हंग्री'. 'मला' गेला, लागणं गेलं, उरला एकटा 'आय'.

हा एकट्या भुकेचा मामला नाही. मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, मला पोहता येतं, मला जावं लागेल, मला माहीत नाही: 'मला'च्या वाड्यात इतकी बिऱ्हाडं नांदतात. इंग्रजीत प्रत्येकाचं दार वेगळं, कुणाला 'हॅव', कुणाला 'कॅन', कुणाला 'हॅव टू'. पाटी मात्र सगळ्यांवर 'आय'चीच. 'माय हेड इज पेनिंग' या वाक्याला शहरी मंडळी हसतात. पण 'माझं डोकं दुखतंय' या वाक्यात डोकंच कर्ता असेल, तर पोरानं दुसरं काय लिहावं?

खरी मेख क्रियापदात आहे. 'सीताला आंबा आवडतो, चिंच आवडते, बोरं आवडतात.' आपलं क्रियापद फळाकडे बघून रूप बदलतं. हिंदीतही 'सीता को आम अच्छा लगता है, इमली अच्छी लगती है'. इंग्रजीत 'सीता लाइक्स'. आंबा एक असो की पाटीभर, तो 'एस' जागचा हलत नाही, कारण तो सीतेच्या नावावर आहे. व्याकरणाचा नियम दहादा घोकून घेण्यापेक्षा ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहिलेली बरी.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. हिंदी मुलखात तेच काम पुढे 'रॅपिडेक्स'नं केलं, कपिल देवच्या जाहिरातीसकट. दोन्हींची वाट घरच्या भाषेतून जाणारी. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आता भाषांतर म्हणजे जुनाट, असं म्हणायची रीत आहे. निदान या एका साच्यापुरतं तरी ते पटत नाही.

'सी' आणि 'लुक' यांतला फरक इंग्रजीतून समजवायला अर्धा तास जातो. मराठीतून एक ओळ पुरते: 'मला साप दिसला' तिथे 'सी', 'मी सापाकडे पाहिलं' तिथे 'लुक'. 'मला आवाज ऐकू आला' ते 'हिअर', 'मी गाणं ऐकत बसलो' ते 'लिसन'. हिंदीवाल्यासाठी 'दिखा' आणि 'देखा', 'सुनाई दिया' आणि 'सुना'. जे आपसूक घडलं आणि जे मुद्दाम केलं, त्यांतली सीमा पोराला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक आहे. सरांनी तिच्यावर फक्त बोट ठेवायचं.

एक धोका आहे. 'मला'चं 'आय' एकदा जमलं की पोरं 'तो मला मारतो' इथेही 'आय' घुसडतात. इथला 'मला' खराखुरा मार खाणारा, त्याचं 'मी'च व्हायला हवं. आणि इंग्रजीतलं हे 'मी' म्हणजे मराठीतलं 'मी' नव्हे, हा गोंधळ वेगळाच!

ही खोड एकट्या मराठी-हिंदीची नाही. तमिळ माणूस 'एनक्कु पसिक्किरदु' म्हणतो, त्यातही भूक 'मला'च लागते. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजारानं एकमेकींसारख्या झाल्या, हे भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 साली मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी या 'मला'च्या रचनेलाही त्या सामाईक खुणांत जागा दिली. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. तिथल्यासारखी, इंग्रजीत वाढलेली मुलं याच दगडाला उलट्या बाजूनं ठेचकाळतात आणि 'मी आंबा आवडते' म्हणून मोकळी होतात.

गंमत म्हणजे इंग्रजीही कधीकाळी आपल्यासारखीच बोलायची. जुन्या इंग्रजीत वस्तू माणसाला आवडायची, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ अक्षरशः 'मला वाटतं'. इंग्रजीच्या सरांनी हा एक शब्द वर्गात जरूर सांगावा.