रोटाचे गहू मोजता, तशी माणसंही मोजा

॥ कानबाई माता की जय ॥

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खान्देशी भाऊ-बहिणींनो,

नागपंचमीनंतरचा कानबाईचा रविवार जवळ आला. घरं धुतली जातील, चक्की स्वच्छ करून रोटाचे गहू दळले जातील. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मोजायची, नारळ कुणी आणायचा, चौरंग कुणाचा, सोमवारी मिरवणुकीत पुढं कोण, सगळं महिनाभर आधी ठरतं. या तयारीत कुणी म्हणतं का, "राहू द्या, आई पाहून घेईल"? असं म्हणणाऱ्याला म्हातारी माणसं घराबाहेर काढतील.

मग भेडवाड खाडी फुगली की हेच वाक्य आपल्या तोंडी कसं येतं?

तापी आपलीच आहे. हतनूरचं पाणी प्रकाशाहून उकाईत येतं आणि तिथून सुरतेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचा विसर्ग नऊ लाख क्युसेक्सच्या घरात गेला आणि ९ तारखेला, ऐन राखीपौर्णिमेला, शहराचा मोठा भाग पाण्यात होता. रांदेर-अडाजणमध्ये लोक गच्चीवर बसून पिण्याच्या पाण्यासाठी हात पसरत होते. खाली समुद्र आणि वर तहान! आपल्या भागाला नदीपेक्षा खाडीची भीती जास्त, आणि ती दर दोन-चार वर्षांनी दार ठोठावते.

१९९४ चं आठवतं ना? गणपती विसर्जन झालं आणि काही दिवसांत वेड रोडकडून प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक गाड्यांना लटकून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांवर बरा होणारा आजार, आणि आपण भीती गाठोड्यात बांधून गावाकडे नेली. शहर सावरलं ते पुढच्या वर्षी, आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात गटारं आणि कचरा उपसला गेला तेव्हा. त्यात देवाचा अपमान झाला, असं कुणी म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही.

जे म्हणतात मंडप-बिंडप बंद करा, त्यांच्याशीही आमचं जमत नाही. संकटात पहिला धावतो तो मंडळाचा पोरगा. कोणत्या घरात लकवा झालेला बाप आहे, कुठं बाळंतीण आहे, हे त्याला पाठ असतं. ही माणसं सरकारी कागदावर सापडत नाहीत. पण त्याच मंडळाचा मंडप गल्ली अशी अडवतो की बंब आत शिरू नये, आणि वीज घेतली जाते खांबावर आकडा टाकून. ही भक्ती नव्हे, आळस आहे. नाव मात्र आईचं.

वर्गणीतला काही हिस्सा डीजेवरून काढा. त्यात जाड दोर, टॉर्च, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस येईल. पाणी चढलं की मीटरचा मेन स्विच कोण पाडणार, त्याचं नाव आजच ठरवा. खाडीच्या पाण्यात पायाला जखम घेऊन फिरलात आणि नंतर ताप आला, तर भगत नंतर, दवाखाना आधी. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात माणसं घेऊन जातो. आणि सचिन औद्योगिक वसाहतीतली दुर्घटना विसरू नका. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरनं नाल्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूनं सहा मजूर गेले. रात्री गल्लीत टँकर थांबला तर विचारा, "काय ओततोस?"

रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, मान्य. पण पाणी भाऊबंदकी विचारत नाही. रोटात बाया मोजत नाहीत, वरच्या खोलीतले ओडिया कारागीर मोजत नाहीत. पुरासाठीच्या या मोजणीत त्यांनाही मोजा.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. घरात माणसं किती, भाडेकरू किती, उचलून न्यावं लागेल असं कोण आहे, हे तिथं लिहा आणि वर्गणी मागायला येणाऱ्या पोराच्या हातात द्या. कागद दिल्याशिवाय पावती घेऊ नका.

— पांडेसऱ्यातले काही कानबाईभक्त