ताऱ्यांची चाल

चेन्नईतील नुंगमबाक्कम भागात हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. १७९२ सालच्या मद्रास वेधशाळेचा. दुर्बीण तसूभरही हलू नये म्हणून तिला या खांबाचा आधार दिला होता.

तारे आपल्याला स्थिर दिसतात, पण ते सगळे धावत असतात. ही धाव कळण्यासाठी ताऱ्याची आजची जागा नेमकी लिहून ठेवायची आणि अनेक वर्षांनी ती पुन्हा मोजायची. टी. जी. टेलर आणि त्यांचे भारतीय सहायक इथे हेच करीत. दुर्बिणीतल्या उभ्या धाग्यावरून तारा सरकला, की घड्याळाचे ठोके मोजून वेळ टिपायची. मद्रासच्या त्या उकाड्यात, रात्रीमागून रात्री! १८४४ साली त्यांची ११,०१५ ताऱ्यांची यादी छापली गेली. आजोबांनी आंबा लावावा, तसलेच हे काम.

आकाशगंगेच्या बाहेरच्या प्रभामंडळातले तारे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे. तीन लाख प्रकाशवर्षांवरचा तारा सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने आडवा पळाला, तरी वर्षात किती सरकलेला दिसेल? एका अंशाचे ८० लाख भाग केले, तर त्यातला जेमतेम एक! २०१३ साली सोडलेल्या ‘गाया’ यानाने जानेवारी २०२५ पर्यंत सुमारे दोन अब्ज ताऱ्यांच्या जागा टिपल्या, त्यामुळे असल्या हालचालींचाही माग लागू लागला.

एवढा खटाटोप कशासाठी? या वेगांवरून आकाशगंगेचे वजन काढता येते. दिसणाऱ्या ताऱ्यांची बेरीज त्याला पुरत नाही. उरलेले वजन कृष्णद्रव्याचे मानतात. ते आहे कशाचे, हे अजून कुणालाच उमगलेले नाही.